कोमोडो आणि शेपटीच्या पानाचं झाड

माझा उजवा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. चूक माझीच होती. सिल्वासाजवळ राखोलीकडच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो. बॉबिनवर धागा गुंतला की आधी मशीन बंद करायचं आणि मग गुंता काढायचा, हे नव्या माणसांना मीच शिकवायचो. त्या दिवशी शिफ्ट सुटायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून मी चालू मशीनमध्ये हात घातला. दोन बोटं रोलरखाली चेपली. बोटं वाचली, पण डॉक्टरांनी दोन महिने कामावर जायला मनाई केली, आणि टाके निघाल्यावर रोज बोटांना व्यायाम द्यायला सांगितलं.

आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. सिल्वासाला येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी घरी बसायची माझी ही पहिलीच वेळ. बायको एका कंपनीत पॅकिंगला जायची. ती डबा घेऊन निघाली आणि मुलगी शाळेत गेली की खोलीत मी एकटा. हात गळ्यात अडकवलेला. चाळीतल्या बाकीच्या खोल्यांनाही कुलपं, कारण सगळेच कामावर. गावाला परत जावं का, हा एकच विचार मी दिवसभर चघळत बसायचो. दोन बोटं नीट चालत नसलेल्या ऑपरेटरला कोण ठेवून घेणार, असं वाटायचं.

अशात एका दुपारी मुलगी शाळेतून रडत आली. दप्तर टाकलं आणि माझ्यासमोर दोन चिठ्ठ्या धरल्या.

"पप्पा, बघा मला काय आलंय."

त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात दोन डबे ठेवले होते. एकात प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात झाडांच्या. सगळे प्राणी आणि सगळी झाडं जगातून कमी होत चाललेली. प्रत्येकाने दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी उचलायची, दोघांची तुलना करायची, आणि महिन्याभराने सगळ्यांसमोर उभं राहून ती सांगायची. तिच्या मैत्रिणीला वाघ आणि चंदन मिळाले होते. दुसरीला माळढोक आणि सीताअशोक. आमच्या मुलीच्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं 'कोमोडो ड्रॅगन' आणि दुसरीवर 'युकॅलिप्टस युरोफायला'.

"म्हणजे एक मोठी घोरपड आणि एक निलगिरी," ती म्हणाली. "सगळे हसले मला. निलगिरी कुठे संपत चाललीय? रस्त्याने किती आहेत."

मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गळ्यात हात घेऊन शाळेत गेलो. त्याआधी मी शाळेत फक्त तिचं नाव घालायला गेलो होतो, तेही ती पहिलीत असताना. बाई रत्नागिरीकडच्या. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेल्या, अंगाने बारीक, बोलणं मोजकं. मी म्हटलं, "बाई, तिला चिठ्ठी बदलून द्या. या दोघांत तुलना करण्यासारखं काही नाही."

"तुम्ही करून बघितलीत का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, काय झालं ते विचारलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना? मग पेन्सिल धरा. ती माहिती शोधेल, तुम्ही लिहून काढा. दुखेल, पण बोटं सुटतील."

"बाई, मी दहावीनंतर कामाच्या वहीत नाव आणि वेळ सोडून काही लिहिलेलं नाही."

"मग आता लिहा. चिठ्ठी मी बदलणार नाही."

येताना त्यांनी मला एक जाडजूड प्राणिकोश दिला आणि सांगितलं, झाडाचं यात फारसं सापडणार नाही, ते मोबाइलवर शोधा, आणि कळलं नाही तर परत या.

मी थोडा रागातच घरी आलो. पण संध्याकाळी मुलगी जमिनीवर पालथी पडून पुस्तक उघडून बसली, आणि मी वही पुढ्यात घेतली. पानाच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडे कोमोडो, उजवीकडे झाड. 'कोमोडो' एवढा एक शब्द लिहायला मला किती वेळ लागला काय सांगू. पेन्सिल अंगठा आणि सुजलेल्या बोटात ठरतच नव्हती. मुलगी थांबून राहिली. घाई कर असं ती एकदाही म्हणाली नाही.

असं आमचं रोज सुरू झालं. ती वाचायची, मी लिहायचो. कोमोडो इंडोनेशियातल्या थोड्याशा बेटांवरच राहतो, जगात दुसरीकडे कुठे जंगलात सापडत नाही. लांबी तीन मीटरपर्यंत जाते. हरीण, रानडुक्कर, म्हैससुद्धा मारतो. मादी वीसेक अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की लगेच झाडावर चढतात, कारण मोठे कोमोडो लहानांना खातात. हे वाचून मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं मी तुमच्याकडे जन्मले." अपघातानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. बायको स्वयंपाक करता करता मागे वळून बघायला लागली.

झाडाची बाजू मात्र रिकामी राहिली होती. नावच कळत नव्हतं. मी पुन्हा शाळेत गेलो, यावेळी स्वतःहून. बाईंनी कागदावर त्या नावाची फोड करून दाखवली. जुन्या ग्रीक भाषेत 'युरो'चा अर्थ शेपटी, 'फायला'चा पान. या निलगिरीच्या पानाचं टोक शेपटीसारखं लांब ओढलेलं असतं, म्हणून हे नाव. घरी येऊन मुलीला सांगितलं, तर तिचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे दोघांनाही शेपटी आहे, पप्पा. लिहा, लिहा."

तुलनेतली आमची पहिली ओळ ती.

पुढे आणखी सापडत गेलं. हे झाड मूळचं तिमोर, फ्लोरेस आणि आजूबाजूच्या बेटांवरचं. फ्लोरेस हे नाव आम्ही आधी कोमोडोच्या बाजूलाही लिहिलं होतं. म्हणजे ज्या बेटाच्या किनाऱ्याजवळच्या कोरड्या रानात ती घोरपड फिरते, त्याच बेटाच्या उंच डोंगरांवर हे झाड उगवतं. एकाचं घर खाली, एकाचं वर. मुलीने नकाशा काढला आणि त्या बेटात एक शेपटीवाला प्राणी आणि एक शेपटीवालं पान रंगवलं.

पण तीन मीटर म्हणजे नेमकं किती, हे तिच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. मग आम्ही बायकोची कपडे वाळत घालायची दोरी सोडली, शाळेच्या पट्टीने मोजली आणि चाळीच्या गॅलरीत अंथरली. तिच्या कडेने मुलीने खडूने अख्खा कोमोडो काढला. डोकं आमच्या दाराशी, शेपूट शेजारच्या खोलीपुढे. कामावरून परतणारे लोक आधी दचकले, मग वाकून बघायला लागले. आमची घरमालकीण गुजराती म्हातारी, तिला सगळे बा म्हणायचे. गॅलरी रोज पाण्याने धुतलीच पाहिजे असा तिचा कडक नियम. ती वर आली, तेव्हा मी म्हटलं आता हे पुसायला लागणार.

"आ शुं छे?" तिने विचारलं.

मुलीने तिला गुजरातीत सगळं सांगितलं. ती गुजराती इतकी चांगली बोलते हे मला माहीत नव्हतं. बाने कमरेवर हात ठेवून नाकापासून शेपटीपर्यंत चक्कर मारली आणि म्हणाली की तिच्या माहेरच्या शेतात पाटला घो असायची, म्हणजे आपली घोरपड, पण ती हातभर, फार तर दीड हात. मग जिना उतरताना सांगून गेली, रविवारपर्यंत गॅलरी धुवायची नाही. त्या चार दिवसांत ती रोज वर यायची आणि कोमोडोच्या पायावर आपला पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून चालायची.

एका बाबतीत मात्र मुलीचा आणि माझा वाद झाला. मोबाइलवर वाचलं की ब्राझील, चीन अशा देशांत कागदाच्या लगद्यासाठी या झाडाची प्रचंड लागवड आहे. मैलच्या मैल तीच झाडं. मी पेन्सिल ठेवली.

"मग हे कसलं संपत चाललंय? हे तर सगळीकडे मजेत आहे. खरा बिचारा तो कोमोडो."

"पप्पा, बाईंनी सांगितलंय, बाहेर लावलेली झाडं धरायची नाहीत. त्याच्या घरी ते किती उरलंय ते बघायचं. घरी लोक तोडतात, शेतीसाठी जाळतात, वणवे लागतात."

"बाहेर जगतंय ना पण?"

"जगतंय. पण तिकडे एकसारखी रोपं लावतात आणि थोडी मोठी झाली की कापतात. म्हातारं कुणी होतच नाही. आणि डोंगरावरचं गेलं तर नवीन बी कुठून आणणार?"

ती बारा वर्षांची होती. तिने हे माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं, ती नकाशा रंगवत होती. पण मला आमचं गाव आठवलं. आमच्या गल्लीतली अर्धी घरं सिल्वासा, वापी, सुरतेला येऊन राहिलेली. आम्ही इकडे बरे आहोत. गावात मात्र आमच्या वयाचं माणूस शोधावं लागतं. मी वही पुढे ओढली. पेन्सिल उचलली आणि झाडाच्या बाजूला लिहिलं, 'बाहेर पुष्कळ, घरी कमी.' कोमोडोच्या बाजूला लिहिलं, 'बाहेर नाही, घरी कमी.' लिहून झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही ओळी मी मध्ये न थांबता लिहिल्या होत्या.

एवढं सगळं केलं, पण मुलीने खरी घोरपड कधी बघितली नव्हती. बाईंना हे कळलं, तेव्हा त्यांनी जवळच्या रांधा गावातल्या एका माणसाचा पत्ता सांगितला. ते वनखात्यातून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, वारली समाजाचे, सत्तरीचे असतील. रविवारी सकाळी मी आणि मुलगी रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या शेताच्या एका कडेला निलगिरीची रांग होती. मुलगी धावत गेली आणि पानांची टोकं बघायला लागली. पानं लांबट होती, निमुळती होती, पण शेपटी म्हणावी अशी नव्हती.

"बाबा, ही युरोफायला आहे का?" तिने विचारलं.

"नाव नाय सांगता येणार पोरी," ते म्हणाले. "ही रोपं नर्सरीतून आली होती. तिकडे दोन-तीन जाती मिसळून रोप बनवतात. तुझ्या त्या झाडाचं रक्त असेल हिच्यात, नसेलही. मला ठाऊक नाय तर मी हो कसं म्हणू?"

त्यांचं हे उत्तर मला फार आवडलं. मग त्यांनी आम्हाला शेताच्या मागच्या बांधापाशी नेलं आणि एका झाडाच्या सावलीत बसवलं. बांधात दगडांमध्ये एक बीळ होतं. बोलायचं नाही, हलायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही तासभर तरी बसलो असू. माझा हात ठणकत होता, मुलीच्या पायाला मुंग्या चावत होत्या, पण ती जागची हलली नाही.

ऊन बांधावर आलं तशी घोरपड बाहेर आली. आधी नुसतं डोकं. मग काळपट जीभ, टोकाला दुभंगलेली, आत-बाहेर करत हवा चाखणारी. मग अख्खी बाहेर येऊन ती दगडावर पसरली आणि डोळे अर्धे मिटून उन्हात पडून राहिली. गळ्याखालची कातडी श्वासाबरोबर हलत होती. मुलीने माझा डावा हात धरला होता. लांबून एक मोटारसायकल गेली, तशी घोरपड सरकन बिळात शिरली.

परत येताना बाबांनी आपण होऊन सांगितलं, "मी हिच्या जातीच्या मारल्यात. तरुण होतो तेव्हा. आम्ही खायचो. कोणी तेलासाठी मागायचे, कोणी कातड्यासाठी."

मुलगी थांबली. "मग तुम्ही गार्ड कसे झालात?"

"नोकरी लागली. मग ज्या मारत होतो त्या राखायच्या होत्या. पहिल्यांदा नुसतं साहेबाने सांगितलं म्हणून राखल्या. मग रोज बघून बघून त्यांची ओळख झाली. ओळख झाल्यावर हात उचलत नाय." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "तू काय करतेस ते चांगलं. तुझी ओळख आधीच झाली."

त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि मुलीला निलगिरीची एक लहान फांदी तोडून दिली. रिक्षाभर तिचा वास दरवळत होता.

सांगायचा दिवस आला. शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडली होती, भिंतीवर मुलांचे तक्ते. पालक फार नव्हते, बहुतेकांची शिफ्ट होती. बायकोने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि लग्नाकार्याची साडी नेसली होती. पाहुणे म्हणून दुसऱ्या शाळेतले एक सर आले होते. वाघ आणि चंदनाला टाळ्या पडल्या. मग आमच्या मुलीचं नाव आलं.

तिने कागद हातात धरला. माझ्या अक्षरातला कागद, वाकडातिकडा. पहिली ओळ वाचली आणि आवाजच बंद झाला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बायकोने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं उठावं आणि तिला घेऊन घरी जावं.

बाई जागेवरून उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "कागद ठेव बाजूला. बाला सांगितलंस ना, तसं सांग."

मी बाईंना एकदा बोलता बोलता गॅलरीतली गोष्ट सांगितली होती. त्यांनी ती लक्षात ठेवली होती.

मुलीने कागद टेबलावर ठेवला. खडू घेतला आणि व्हरांड्याच्या फरशीवर कोमोडो काढायला लागली, बोलत बोलत. अर्धं मराठी, मध्येच अहिराणी, गुजराती मैत्रिणींकडे बघताना गुजराती, हिंदी तर होतीच. बाईंनी एकदाही टोकलं नाही. मुलं बाकांवरून उठून तिच्याभोवती गोळा झाली. शेपटीपर्यंत पोचल्यावर तिने दप्तरातून ती रांध्याची फांदी काढली आणि सांगितलं, हे ते झाड नाही, पण त्याचं कुणीतरी नातेवाईक असेल, आम्हाला नक्की माहीत नाही.

पाहुण्या सरांनी शेवटी विचारलं, "दोघांपैकी एकालाच वाचवता येणार असेल, तर कुणाला वाचवशील?"

तिने फरशीवरच्या कोमोडोकडे आणि हातातल्या फांदीकडे बघितलं. मग म्हणाली, "सर, दोघं एकाच बेटावर आहेत. बेट नीट ठेवलं तर दोघंही राहतील. एकालाच का निवडायचं?"

सरांनी हसून मान डोलावली. बक्षीस माळढोक आणि सीताअशोकाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. त्या मुलीने माळढोकाचा नाच अप्रतिम करून दाखवला होता. पण घरी जाताना माझी बायको, जी कधी कुणासमोर फारसं बोलत नाही, ती बाईंजवळ थांबली आणि म्हणाली, "बाई, पोर बोलती झाली." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढंच.

दोन महिन्यांनी मी कामावर गेलो. एक बोट अजूनही पुरतं वळत नाही, म्हणून सुपरवायझरने मला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये दिलं. मला वाटलं होतं ती शिक्षा वाटेल. तसं झालं नाही. स्टोअरमध्ये दिवसभर लिहायचं काम असतं, आणि माझं अक्षर तोवर बरं झालं होतं. गावाला परत जायचा विचार मागे पडला. आता वर्षातून दोनदा आम्ही जातो, आधी एकदाच जायचो. मुलगी दहावीला आहे. पुढे जंगलाचं काहीतरी शिकायचं म्हणते, नक्की काय ते तिचं तिलाही अजून ठाऊक नाही.

बाई गेल्या वर्षी निवृत्त होऊन कोकणात परत गेल्या. त्यांच्या पुस्तकांचे खोके बसपर्यंत न्यायला मी गेलो होतो. मनात खूप होतं, पण स्टँडवर खोके चढवण्यातच वेळ गेला. नुसतं "पोचल्यावर कळवा" म्हणालो.

नंतर मी त्यांना पत्र लिहिलं. आठ दिवस लिहीत होतो. त्यांनी हात बघून पेन्सिल धरायला सांगितली तिथपासून फरशीवरच्या खडूपर्यंत, सगळं लिहिलं. शेवटी आभार मानले, चार ओळींत. पंधरवड्याने पाकीट आलं. आत माझंच पत्र होतं. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या, आणि समासात एका ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'हे मला माहीत नव्हतं. आणखी सविस्तर लिहा.' ती ओळ रांध्याच्या बाबांच्या बोलण्यापाशी होती, आधी घोरपडी मारल्या आणि मग राखल्या, तिथे.

मी त्या रविवारी दार लोटून घेतलं, आणि तो भाग पहिल्यापासून लिहायला बसलो.